उणे २८ ला टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवायची? (कॅल्गरी)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, ऑगस्टपासून कॅल्गरीत आहे. हा माझा इथला पहिला हिवाळा. इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस पहाटे सव्वापाचला गाडी काढावी लागते. नाशिकला बारा वर्षं गाडी चालवली, पावसाळ्यातल्या धुक्यात कसारा घाट उतरले आहे. पण तिकडे टायरची हवा म्हणजे पंपावरच्या मुलाला "चारी चाकांत तेहतीस" सांगायचं आणि विसरायचं. इथे त्याच तेहतीसने माझी झोप उडवली आहे.

झालं असं. आमच्या इमारतीचं पार्किंग जमिनीखाली आहे आणि तिथे हीटिंग असतं. भिंतीवरच्या थर्मामीटरवर कायम १५ च्या आसपास दिसतं. माझ्यासोबत काम करणारा एक जण आठ वर्षं इथे आहे. तो म्हणाला, बर्फात पकड हवी असेल तर हवा कमी कर, मी दर हिवाळ्यात सव्वीसवर ठेवतो. अनुभवी माणूस, म्हणून ऐकलं. सोमवारी रात्री पार्किंगमध्ये उकिडवी बसून चारी टायरांतली हवा सोडली, गेजवर बरोबर २६ येईपर्यंत.

मंगळवारी पहाटे बाहेर उणे २८ होतं. सात-आठ मिनिटांत डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला, उद्गारचिन्हवाला. क्रोचाइल्ड ट्रेलवर वळणात मागची बाजू बोटीसारखी डुलली. गाडी घसरली नाही, पण स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळत होती. मी उजवीकडच्या लेनमध्ये जाऊन चाळीसच्या वेगाने कशीबशी पोचले. मागे ट्रक होता, त्याचे दिवे आरशात दिसत होते, आणि मला फक्त घरी झोपलेली मुलगी आठवत होती.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर उणे २४ मध्ये, हातमोजा काढून हवा मोजली: २०, २०, २१, २०. टायर कुठेही पंक्चर नाहीत. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पुन्हा मोजली तर २६!

चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २३० किलोपास्कल म्हणजे ३३ पीएसआय लिहिलंय. टायरच्या अंगावर कमाल ५१ लिहिलंय. टायर हिवाळ्याचेच आहेत, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, ऑक्टोबरात बसवले. एका टायरच्या दुकानात म्हणाले, नायट्रोजन भरा, मग बघायलाच नको.

तर मी कोणता आकडा धरू? मोजायचं तळघरात की बाहेर? आणि चिनूक (इथला हिवाळ्यातला उबदार वारा) आला की एका दुपारीत उणे २० चं अधिक ८ होतं म्हणतात, तेव्हा काय करायचं? कृपा करून सविस्तर सांगा. शनिवारी पहाटे पुन्हा निघायचंय.

दापोडीकर

ताई, सर्वात आधी एक काम करा. शनिवारची वाट बघू नका, आजच हवा भरा. तळघरात उभ्या असलेल्या थंड टायरात ३७ भरा. का ते खाली लिहितो, पण आधी भरा आणि मग वाचा.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत अकरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी टायरांत. २००३ पासून एडमंटनला आहे. म्हणजे तुमच्याहून तीन तास उत्तरेला, आणि माझी गाडी बाहेर अंगणात उभी असते. हे सांगतो कारण तुमच्या प्रश्नाची सगळी गोम गाडी कुठे उभी असते यातच आहे.

हवा गार झाली की आकसते. साडेपाच अंश सेल्सियस उतरले की साधारण १ पीएसआय जातो, हा ढोबळ हिशेब. तुमच्या तळघरात १५, बाहेर उणे २८. फरक ४३ अंशांचा. ३३ भरून निघालात तरी टायर पूर्ण गार झाल्यावर गेजवर २६ च दिसणार. आता तुमच्या सहकाऱ्याचा विचार करा. त्याची गाडी बाहेर उभी असेल तर त्याचे सव्वीस हे उणे पंचवीसला मोजलेले सव्वीस आहेत. तुमचे सव्वीस अधिक पंधराला मोजलेले. आकडा एकच, पण तुमच्या टायरात त्याच्यापेक्षा किती तरी कमी हवा होती. म्हणून तुम्ही २० वर क्रोचाइल्डवर होतात. त्याचेही सव्वीस मला पटत नाहीत, पण तुमच्या वीसशी त्याची तुलनाच नाही.

दारावरचा ३३ हाच तुमचा आकडा. तो गाडीच्या वजनाप्रमाणे ठरवलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे निदान तीन तास उभी असलेली गाडी, किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली. पण त्यात एक गोष्ट गृहीत असते, ती अशी की गाडी जिथे उभी आहे त्याच हवेत ती चालणार. तुमचं तसं नाही. तुम्ही उबेत मोजता आणि गारठ्यात चालवता. म्हणून तो फरक आधीच टायरात घालून ठेवायचा.

३७ कुठून आले तेही सांगतो. उणे २५ ला बरोबर ३३ हवे असतील तर तळघरात ४० भरावे लागतात. पण कॅल्गरीत रोज उणे २५ नसतं. म्हणून मधला दिवस धरायचा, उणे १०. तळघरात ३७ भरले की उणे १० ला ३३ येतात. उणे २५ ला ३० राहतात, आणि गाडी चालायला लागली की टायर स्वतःच्या दमाने थोडा तापतो, दोन-तीन परत मिळतात. चिनूक येऊन अधिक ८ झालं तर गेजवर ३६ च्या जवळपास दिसेल. तीन जास्त. त्याने काहीही बिघडत नाही. त्या दुपारी हवा अजिबात सोडू नका. चिनूक गेला की रात्रीत पारा परत खाली येतो आणि तुम्ही पहाटे कमी हवेवर निघता. हवा उतरवायची ती एकदाच, एप्रिलच्या शेवटी, टायर बदलताना.

आता पकडीचं. हवा कमी केली की टायर रुंद होतो आणि जास्त धरतो, हे अर्धवट ज्ञान फार पसरलंय. रस्त्यावर काय होतं ते बघा. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि भार दोन्ही कडांवर येतो. हिवाळी टायरवर ज्या बारीक चिरा असतात, नखाने उघडून बघा, त्या चिरांच्या धारा बर्फात रुततात. टायर ढिला असला की त्या धारा ताठ उभ्या राहत नाहीत, मुडपतात. शिवाय इथल्या रस्त्यावर नुसता बर्फ नसतो, मीठ-खडी पडून त्याचा राबडा झालेला असतो. तुमच्या नगरपालिकेत त्या मीठ-खडीला चक्क 'पिकल' म्हणतात. त्या राबड्यातून टायरने खाली डांबरापर्यंत शिरायला हवं. रुंद, ढिला टायर वर तरंगतो. तुमची मागची बाजू बोटीसारखी डुलली म्हणालात, ते साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं डुलणं. टायर रस्त्याला धरून होता, पण रिम त्याच्यावर हलत होती.

उलट बाजूने ५१ च्याही वाटेला जाऊ नका. तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा आकडा आहे, तुमच्या गाडीचा नव्हे. हवा फार झाली की टायर फक्त मधल्या भागावर रस्त्याला टेकतो आणि तेवढाच भाग झिजून गोटा होतो.

नायट्रोजनला पैसे घालू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि गारठ्यात तोही तितकाच आकसतो. त्याचा खरा फायदा एवढाच की तो कोरडा असतो. हा कोरडेपणा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण मी त्याची किंमत मोजली आहे.

२०२४ चा जानेवारी. १३ तारखेला संध्याकाळी सगळ्या अल्बर्टात फोन किंचाळले होते, वीज जपून वापरा, ग्रिडवर ताण आहे. इथे जे तेव्हा होते त्यांना आठवत असेल. बाहेर उणे पस्तीसच्या खाली. मी त्या दुपारी पेट्रोल पंपावर मागच्या डाव्या टायरात हवा भरली होती. व्हॉल्व्हवरचा बर्फ पुसला नाही, घाई केली. रात्री नऊला गाडीचं इंजिन गरम ठेवणारा हीटर विजेच्या प्लगला लावायला गेलो तर चाकाजवळून बारीक सीऽऽ आवाज. टॉर्च मारून बघितलं, व्हॉल्व्हच्या तोंडात तांदळाच्या दाण्याएवढा बर्फाचा खडा. पिन खाली दाबलेली, तिथेच गोठलेली. टायर जवळजवळ रिमवर बसला होता. बायकोने शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून दिली. ती व्हॉल्व्हला धरून मी दहा मिनिटं बर्फात गुडघे टेकून बसलो, तेव्हा पिन टक् करून वर आली. मग घरातला लहान कंप्रेसर लावून हवा भरली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: टोपण काढायच्या आधी व्हॉल्व्हभोवतीचं सगळं कोरड्या फडक्याने पुसायचं. भरून झालं की बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवायची, बुडबुडा येतो का बघायचं, आणि मगच टोपण. टोपण प्लास्टिकचंच. तुम्हाला तळघराची सोय आहे, तिथे हे सगळं उबेत करता येईल. तुमची ती गैरसोय वाटत असेल, पण खरं तर मोठी सोय आहे. बारा व्होल्टचा एक कंप्रेसर घेऊन टाका. पंपावरच्या नळ्या जानेवारीत निम्म्या वेळा गोठलेल्या असतात.

भरल्यावर शनिवारी ड्युटीच्या शेवटी बाहेर एकदा मोजा आणि इथे आकडा लिहा. मी बघतो.

सह्यवाट

दापोडीकरांशी थोडा असहमत आहे. मी पुण्याचा, जीप चालवतो. जैसलमेरला समच्या वाळूत आम्ही १८ पर्यंत हवा उतरवतो, नाहीतर गाडी पोटापर्यंत रुतते. भुसभुशीत बर्फ आणि वाळू यांत मला फारसा फरक दिसला नाही. गेल्या जानेवारीत अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला ताज्या बर्फात एका शेडपर्यंत जायचं होतं. ३१ ला चाकं जागीच फिरत होती, २० ला केलं तर गाडी सरळ निघाली. त्यामुळे "हवा कमी केली की पकड वाढते" हे सरसकट चूक म्हणता येणार नाही.

अजून एक कोडं आहे. पुण्यात २५ अंशांत ३३ भरून निघालो होतो. सिस्सूला पहाटे उणे १० होतं. तुमच्या हिशेबाने ६ जाऊन २७ दिसायला हवे होते. दिसले ३१. गेज तोच, टायर तेच, मध्ये कुठेही हवा भरली नाही.

दापोडीकर

सह्यवाट, तुमचं म्हणणं तुमच्या जागी खरं आहे, आणि ते वेगळं करून सांगितलं हे बरं केलंत. गाडी ताज्या, न दाबलेल्या बर्फात रुतली असेल आणि दहाच्या वेगाने शंभर मीटर बाहेर काढायची असेल, तर हवा उतरवणं हा जुना आणि चांगला उपाय. तिथे टायरने तरंगायलाच हवं. पण तुमच्याकडे बाहेर आल्यावर परत भरायला कंप्रेसर होता ना? ताई ऐंशीच्या रस्त्यावर, ट्रकच्या पुढे, खडी मारलेल्या बर्फावर चालवतात. त्यांना तरंगायचं नाही, टेकायचं आहे. २० वर वळण जोरात घेतलं तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. इथे हिवाळ्यात खड्डेही भरपूर पडतात, बर्फ वितळतो-गोठतो त्यामुळे. ढिला टायर खड्ड्यात गेला की रिम वाकलीच.

तुमच्या ३१ चं उत्तर उंचीत आहे. गेज बाहेरच्या हवेपेक्षा टायरात किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो. पुण्यात बाहेरची हवा साधारण पावणेचौदा पीएसआयने दाबते. सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास, तिथे ती दहावर येते. गारठ्याने साडेपाच काढून घेतले, उंचीने पावणेचार परत दिले. म्हणून ३१. कॅल्गरीही हजार मीटरवर आहे, मी वरचा हिशेब करताना बाहेरची हवा तेराच्या आत धरली होती. पण ताईंची गाडी तिथेच भरते आणि तिथेच चालते, त्यामुळे त्यांना उंचीचा विचार करायचं कारण नाही. रॉकीजमध्ये फिरायला गेल्या तर थोडा फरक दिसेल, तो सोडून द्यायचा.

मिनिआपोलिसची_माई

गोदाकाठ, तुझं वाचून माझा पहिला हिवाळा आठवला. मला सतरा वर्षं झाली इथे, आणि पहाटेच्या रस्त्याची ती भीती मला अजून कळते. घाबरलीस यात काही चुकलं नाही.

दिव्याबद्दल थोडं. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लावणारा सेन्सर सक्तीचा आहे. कॅनडात सक्ती नाही, पण बऱ्याच गाड्यांत असतो. नियमानुसार दारावरच्या आकड्यापेक्षा हवा पाव हिश्शाने कमी झाली की तो लागायलाच हवा. ३३ चा पाव हिस्सा म्हणजे आठच्या वर. म्हणजे दिवा लागायच्या आधीच आठ पीएसआय गेलेले असू शकतात. त्यामुळे "दिवा लागला नाही, म्हणजे सगळं ठीक" असं धरू नकोस. पंधरा दिवसांनी हातात गेज घेऊन मोज. आणि गेज गाडीत ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव. गारठ्यात त्याची बॅटरी मरते आणि आकडा भलताच येतो.

काकांनी प्लास्टिकच्या टोपणाचं एका ओळीत सांगितलं, पण ते महत्त्वाचं आहे. सेन्सरवाल्या व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनियमची असते. त्यावर पितळी, चकचकीत टोपण बसवलं की रस्त्यावरच्या मिठाने ते दोन धातू एकमेकांना असे धरतात की पक्कडीने काढताना नळीच तुटते. माझी तुटली आहे, मार्चमध्ये, मुलाला शाळेतून आणताना.

आणि स्टेपनी! डिकीतली ती बारकी पिवळ्या स्टिकरची असेल तर तिच्यात ६० लागतात, ३३ नव्हे. तिच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही. आज खाली पार्किंगमध्ये जाशील तेव्हा तीही मोज.

अजून एक, म्हणजे तू घाबरणार नाहीस. गाडी कधी दिवसभर बाहेर उणे तीसमध्ये उभी राहिली तर निघताना पहिले दोन-तीन किलोमीटर धप् धप् धप् आवाज येतो, जणू चाकं चौकोनी झालीत. टायर खालच्या बाजूला चपटा होऊन तसाच गोठतो. तापला की आपोआप गोल होतो. तेवढा वेळ हळू चालव.

गोदाकाठ

काका, माई, सह्यवाट, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

गुरुवारीच कंप्रेसर आणला. रात्री लेकीला सोबत घेऊन खाली गेले. ती टॉर्च धरून उभी होती, मी एकेक टायर ३७ वर आणला. व्हॉल्व्ह पुसले, थुंकी लावून बघितली. मागच्या उजव्या टायरच्या व्हॉल्व्हवर अगदी बारीक बुडबुडा आला. आधी वाटलं भास असेल, पुन्हा लावलं, पुन्हा आला. काका, ती पिन ढिली होती. टायरच्या दुकानात दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत नवी बसवली. मंगळवारपासून दोन दिवस मी त्याच चाकावर फिरत होते. चारी टोपणं प्लास्टिकची आहेत. स्टेपनीत ३८ निघाले, ६० केले.

शनिवारी पहाटे उणे २६. दिवा लागला नाही. क्रोचाइल्डवरच्या त्याच वळणाला मी नेहमीपेक्षा हळूच होते, पण स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तेव्हाच वळली. मंगळवारचं ते उशिरा वळणं गेलंय.

संध्याकाळी सव्वासातला इस्पितळाच्या उघड्या पार्किंगमध्ये उणे २२ होतं. गेज पर्समधून काढला. पुढचे दोन्ही ३०.५, मागचा डावा ३०.५, मागचा उजवा ३१. काका, तुम्ही आकडा मागितला होता, हा घ्या.

सहकाऱ्यालाही विचारलं. त्याची गाडी अंगणातच उभी असते. मी त्याला दाराची चौकट उघडून स्टिकर दाखवला, त्याच्या गाडीचा ३५ निघाला. सोमवारी तो माझा कंप्रेसर घेऊन जाणार आहे.

दापोडीकर

साडेतीस बरोबर आहे, उणे २२ ला तेवढेच यायला हवेत. मागच्या उजव्यात अर्धा जास्त भरलाय तो राहू द्या, पण नवी पिन आहे म्हणून येत्या शनिवारी तेवढं एकच चाक पुन्हा मोजा. ३६ च्या खाली दिसलं, तेही तळघरात, तर मला लिहा. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी बघावं लागेल, रिमला जिथे रबर बसतं तिथे.